तळं क्रमांक तीनवरचे पट्टकादंब

दिनांक २२ फेब्रुवारी २०२६ रोजी पुंडलिकरावांनी रुपये ३६० मोजून बारा प्लेट तर्री-पोहे बांधून आणले. शहरातल्या बारा पक्षीनिरीक्षकांना आठ वाजता नाश्त्याला पळू द्यायचं नाही, एवढाच त्यामागचा हेतू.

पुंडलिकराव आर्णी रस्त्यावरच्या सांडपाण्याच्या तळ्यांवर एकोणीस वर्षं पंप चालवतात. पंपाच्या रजिस्टरात, शेऱ्याच्या रकान्यात, पाखरं लिहायची त्यांची सवय. गेल्या वर्षी त्यांनी लिहिलं होतं, 'तळं ३, पट्टेवाले हंस, १४'. ते वाचून पक्षीमंडळाचे खजिनदार नंदकिशोर सगळ्यांदेखत हसले. हिमालय ओलांडून येणारा हा हंस, म्हणजे पट्टकादंब, या घाण पाण्यात उतरेल, हे कुणालाच पटेना. शिवाय दोन सभासदांनी पाहिल्याशिवाय यादीत नोंद नाही, हा मंडळाचा कडक नियम. आता पाखरं परत निघायचे दिवस आले होते आणि मे महिन्यात पुंडलिकराव निवृत्त होणार होते. आजचा रविवार हुकला, तर ते चौदा हंस कायमचे थापेत जमा.

साडेसातला तळ्यावर शेकाटे, तुतवार ही नेहमीची पाखरं आणि वास, एवढंच होतं.

"काय पुंडलिकराव, हंस आंघोळीला गेले का तुमचे?" नंदकिशोरांनी विचारलं.

"साहेब, ते रातभर हरभऱ्यात चरतेत. ऊन चढलं का पाण्यावर येतेत. तुमी दरसाली आठले पळता, मंग कसे दिसतीन?"

"म्हणून आम्ही उपाशी थांबायचं?"

"उपाशी काहून? नाश्ता आणला न मी. तीस रुपये प्लेट. फुकट नाही."

"सर, बसा आता मुकाट्यानं," मंडळातल्या अनघाताई हसत म्हणाल्या.

आठ चाळीसला नंदकिशोरांनी चमचा उचलला आणि हरभऱ्याच्या बाजूनं भसाड्या आवाजात कुणी हाका मारत आल्यासारखं झालं. ते ताडकन उठले. प्लेट पायावर उलटली. पांढरी डोकी, त्यांवर दोन काळे पट्टे, नारिंगी पाय पुढे करून थव्यामागून थवा पाण्यावर उतरला. तीनदा मोजले. एक्केचाळीस!

"पुंडलिकराव, मानलं बुवा," नंदकिशोर म्हणाले आणि यादीत निरीक्षक म्हणून त्यांचं नाव पहिलं लिहिलं.

"मागच्या साली चौदा होते, साहेब."

"तेही लिहितो."

ते लिहून होईपर्यंत पुंडलिकराव तिथून हलले नाहीत. मग पंप सुरू करून त्यांनी रजिस्टर उघडलं, 'तळं ३, हंस ४१, पाहणारे १३'.

अकरा जणांनी प्लेटचे पैसे दिले. आपण घासही खाल्ला नाही, असं नंदकिशोर म्हणतात. त्यांच्याकडून तीस रुपये येणे आहेत.