मैदानाकडे पाठ

आमचे शेजारी सिन्योर नेल्लो फुटबॉलचा सामना टीव्हीकडे पाठ करून बघत. सिडनीच्या टूनगॅबी उपनगरातल्या या घरात आम्ही राहायला आलो, त्याच आठवड्यात कपडे वाळत घालताना मी हे पहिल्यांदा पाहिलं. त्यांच्या मागच्या व्हरांड्यात टीव्ही मोठ्याने चालू होता, समोर चार-पाच म्हातारे इटालियन दाटीवाटीने बसले होते आणि टीव्हीला खेटून, त्या सगळ्यांकडे तोंड करून हे उभे होते. गळ्यात विटकरी-पांढरा मफलर, हातात लाकडी डाव, पुढ्यात ऑलिव्ह तेलाचा रिकामा डबा. मला वाटलं, घरात काही समारंभ आहे आणि आजोबा भाषण करतायत.

खुलासा त्यांनीच केला. दक्षिण इटलीतल्या एका छोट्या बंदरात त्यांचं गाव. तिथल्या गोदीतल्या हमालांनी सुरू केलेला तो क्लब. गोलच्या मागे जो अर्धगोल सज्जा असतो त्याला कुर्वा म्हणतात आणि खरे वेडे तिथेच उभे राहतात. हजारो माणसांनी एका तालात गायचं तर त्यांना कुणीतरी सांभाळणारा लागतो. तो कापो. कापो कठड्यावर चढतो, मैदानाकडे पाठ करतो आणि पूर्ण नव्वद मिनिटं लोकांना गायला लावतो. नेल्लो अकरा वर्षं कापो होते. मग ते ऑस्ट्रेलियात आले आणि विटांच्या कारखान्यात लागले.

“अकरा वर्षांत मी एकही गोल पाहिला नाही,” ते छाती काढून सांगत. “पण प्रत्येक गोल कुणाच्या तोंडावर कसा पडला, ते विचार.”

ते इकडे आल्यानंतर त्यांचा क्लब दोनदा बुडाला आणि दोनदा नव्या नावाने उभा राहिला. मालक बदलले, खेळाडू बदलले, क्लब खालच्या वर्गांत घसरत गेला. गाणी मात्र तीच राहिली. “मालक भाडेकरू असतात, प्रोफेसोरा,” ते म्हणत. मी पॅरामॅटाच्या एका सरकारी कचेरीत जुने कागद लावण्याचं काम करते, पण माझ्या हातात सदा पुस्तक दिसे म्हणून त्यांनी मला परस्पर प्रोफेसर करून टाकलं होतं.

एक गोष्ट त्यांनी राखून ठेवली होती. क्लब पुन्हा वर चढेल त्या दिवशी गावी जायचं, कठड्यावर उभं राहायचं आणि एकदा, फक्त एकदा, वळून मैदान बघायचं. जुन्या सोबत्यांना त्यांनी तसा शब्द दिला होता. भट्टीच्या धुळीने फुप्फुसं निकामी होत चालली होती, म्हणून त्यांची मुलगी कार्ला हिने वाट न बघता तिकीटच काढलं. नेमक्या त्याच महिन्यात कोविडमुळे सीमा बंद झाल्या.

व्हरांडाही बंद झाला. बाबांच्या छातीला जपायचं म्हणून कार्लाने सगळ्या म्हाताऱ्यांना घरी बसवलं. काही महिन्यांनी सामने पुन्हा सुरू झाले, तेही रिकाम्या स्टेडियममध्ये. तिकडे कुर्वा ओस, इकडे खुर्च्या ओस. पहिल्या सोमवारी सकाळी नेल्लो कुंपणाशी आले आणि म्हणाले, “मला एक चेहरा पाहिजे.”

असा माझा कुर्वात प्रवेश झाला. सामना तिकडच्या रविवारी दुपारी, म्हणजे आमच्या मध्यरात्री असे. कार्ला तो रेकॉर्ड करून ठेवी आणि तो बघून होईपर्यंत घरातला फोन कुणी उचलायचा नाही, असा नियम होता. सोमवारी सकाळी सातला मी स्वयंपाकघरातलं स्टूल कुंपणाशी ठेवून त्यावर चढे आणि पलीकडे डोकं काढी. समोर टीव्ही, त्याचा आवाज बंद, कारण रिकाम्या स्टेडियमचा आवाज त्यांना सोसत नसे; टीव्हीपुढे माझ्याकडे बघत बसलेले नेल्लो. नऊला लॅपटॉप उघडायचा, तोवर मी त्यांचा कुर्वा.

फुटबॉलमधलं मला ओ की ठो कळत नव्हतं. शिवाय माझा चेहरा. “रविवारी बंद असलेलं दुकान,” ते म्हणत. “शटर जरा वर कर.” टाळ्या त्यांनी मला शिकवल्या: दोन, थोडं थांबायचं, मग तीन. डब्यावर ते तोच ताल धरत. काही महिन्यांत अख्ख्या गल्लीला तो पाठ झाला. समोरच्या गुजराती मावशी तर त्या तालावर अंगण झाडायच्या.

एकदा मी घात केला. विटकरी ते आपले, एवढंच मी शिकले होते. त्या दिवशी सामना परगावी होता, आपले पांढऱ्यात होते आणि समोरच्यांचे शर्ट नेमके तांबडे. तांबड्यांनी गोल केला. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच माझं शटर पूर्ण उघडलं. नेल्लो ताडकन उठले, डबा बडवला, दम लागेपर्यंत गायले. माझा नवरा मिलिंदही काही न कळता घरातून टाळ्या देत होता. शेवटी कार्ला कॉफी घेऊन बाहेर आली आणि तिने स्कोअर वाचला. नेल्लोंनी डाव खाली ठेवला. मग त्यांचे खांदे हलायला लागले. “दुसऱ्यांच्या गोलला गाणारा पहिला कापो मीच,” ते डोळे पुसत म्हणाले. “गावात कळलं तर माझा पुतळा उभारतील. समुद्रात.”

पुढच्या वर्षी क्लब खरंच वर चढायच्या बेतात आला. शेवटचा सामना. एव्हाना नेल्लोंच्या नाकाला ऑक्सिजनची नळी होती आणि गावी जाणं आता होणार नाही, हे आम्हा तिघांनाही कळलेलं होतं. बरोबरी चाललेली, शेवटची मिनिटं, आणि आपल्याला पेनल्टी. मी स्टुलावरून म्हटलं, “नेल्लो, वळा. आता तरी वळा.”

त्यांनी विचारलं, “माझ्या कुर्वात कुणी आहे?”

“कुणी नाही. सगळ्या पायऱ्या रिकाम्या.”

“मग मी वळलो तर माणसांकडे बघणार कोण? तू बघ. मी तुला बघतो.”

गोल झाला. मी ओरडले, असं मिलिंद सांगतो. मला आठवतं ते एवढंच: स्टूल कलंडलं, मी लिंबाच्या झाडात पडले आणि कुंपणापलीकडून दोन टाळ्या आल्या, मग तीन. कार्लाने त्यांच्यापुढे फोन धरून तो गोल दाखवायचा प्रयत्न केला, तर त्यांनी तो हाताने बाजूला सारला. “पाहिला मी. प्रोफेसोराच्या तोंडावर. झाडात पडला.”

त्याच हिवाळ्यात ते गेले. सिडनी पुन्हा बंद होतं आणि अंत्यविधीला दहाच माणसांची परवानगी होती. कार्लाने दहावी जागा मला देऊ केली. मी ती व्हरांड्यातल्या सगळ्यांत जुन्या म्हाताऱ्याला द्यायला सांगितली. तिने मला मफलर दिला आणि शवपेटीची गाडी आपल्या गल्लीवरून जाईल असं ठरवलं.

त्या सकाळी सगळे आपापल्या फाटकात मास्क लावून उभे होते. काय करायचं, कुणालाच माहीत नव्हतं. गाडी वळणावर दिसली. आयुष्यात मी चार माणसांत कधी आवाज चढवलेला नाही. मी मफलर गळ्यात घातला, फुटपाथच्या कडेला गेले आणि रस्त्याकडे पाठ केली.

दोन टाळ्या. थांबले. मग तीन. आधी मिलिंदने उचलल्या, पाठोपाठ शेजारपाजारच्यांनी. मग माझ्या पाठीमागून, रस्त्यापलीकडून, मावशींचा केरसुणीचा ताल आला.

गाडी गेलेली मी पाहिली नाही. ती केव्हा समोर आली, केव्हा जरा हळू झाली आणि केव्हा कोपऱ्यावरून वळली, ते सगळं मला शेजाऱ्यांच्या मास्कच्या वर उरलेल्या डोळ्यांत दिसलं.