बूट घालून ताय ची

माझ्या बाबांचा पाय माझ्यामुळे गेला. घरात तसं कोणी म्हणत नाही, म्हणून मीच म्हणते.

नव्वदच्या आसपासची गोष्ट. बाबा भिलाईच्या कारखान्यात रोलिंग मिलमध्ये होते. शुगर इतकी वाढली होती की तळपाय बधिर झाले होते, आणि गुडघ्यांमुळे फिरायला जाणंही बंद पडलं होतं. व्यायाम हवाच, पण पायाला जखम झाली तर पाय जाईल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. आमच्या सेक्टरमधले एक रिटायर्ड इंजिनिअर परदेशातल्या ट्रेनिंगमध्ये ताय ची हा चिनी व्यायाम शिकून आले होते. सकाळी मैदानावर ते शुगरवाल्यांना शिकवायचे. सावकाश हात फिरवायचे, सावकाश पाऊल टाकायचं, आणि बूट घातल्याशिवाय यायचं नाही.

बाबांकडे बूट एकच, कारखान्यातून मिळालेले, पुढे लोखंड असलेले. आमच्याकडे ते कोणी नुसते ड्यूटीला वापरत नसे; पावर हाउस भागातला बाजारही त्यातच आणि लोकांची लग्नंही त्यातच. तेच घालून बाबा ताय ची करायला लागले, अगदी मन लावून. शुगर उतरायलाही लागली होती.

मी तेव्हा कॉलेजात होते आणि अक्कल गहाण टाकलेली होती. एकदा मैत्रिणी आल्या, तर मी बाबांचे बूट चढवून बैठकीत त्यांची ताय ची करून दाखवली, गाभण म्हैस चिखलातून चालते तशी. पोरी हसून लोळल्या, मीही. वळून पाहिलं तर दारात बाबा, हातात आमच्यासाठी आणलेले समोसे. तेही हसले. मला वाटलं, विषय संपला.

दुसऱ्या दिवसापासून ते मैदानाच्या कडेला बूट काढून अनवाणी करू लागले. शिकवणाऱ्यांनी टोकलं, तर दवावर चालणं चांगलं असतं म्हणायचे. बाभळीचा काटा कधी घुसला ते त्यांना कळलंच नाही. आईला चादरीवर पू दिसला तोवर फार उशीर झाला होता. पाय घोट्याच्या वरून कापला.

हॉस्पिटलात मी त्यांच्यावरच खेकसले, की रोज पाय बघायचा एवढंही जमू नये का, लहान आहात का तुम्ही.

बाबा छताकडे पाहत म्हणाले, "काटा मले दुखलाच नाही. तू हसली, ते दुखलं."

शेजारच्या खाटेवरचे लोक वळून बघायला लागले. मी वाकून त्यांच्या कानाशी म्हणाले, "हळू बोला बाबा, लोक ऐकून राहिले."