पंचकाका आणि बिल्ल्यांचा डबा

आमच्या दाराला बेल आहे, आणि ती वाजते. तरीही त्या सकाळी दारावर टकटक झाली. माझे हात साबणात होते, ह्यांच्या तोंडात टूथब्रश होता, आणि ज्याचे हात कोरडे त्याने दार उघडायचं हा आमच्या घरचा कायदा. कोरडं कुणीच नव्हतं. मग पुन्हा टकटक झाली : दोन तुटक आणि एक लांबलेली. शिट्टी मारल्यासारखं दार वाजवणारा माणूस आमच्या ओळखीत एकच. मी हात पदराला पुसले आणि कडी काढली.

पंचकाका. पायात तेच कॅनव्हासचे बूट, खडूने पांढरे केलेले. सामना असो नसो, ते बूट पांढरेच असतात. उंच माणूस, पण गुडघ्यांनी आता संप पुकारलाय, त्यामुळे उंबरा ओलांडताना ते आधी चौकटीची परवानगी घेतल्यासारखे तिला धरतात. बेलबद्दल मी काही बोलायच्या आधीच म्हणाले, बेल कुणीही दाबतं, त्यातून माणूस कळत नाही.

सोफ्यावर ते कधी बसत नाहीत. स्वयंपाकघरातलं स्टूल ओढलं आणि ह्यांना, म्हणजे माझ्या नवऱ्याला, नेहमीचा टोमणा मारला, "काय साहेब, आज पाणी येणार की नुसतं तुमचं खातं येणार?" हे नगरपालिकेच्या पाणी खात्यात आहेत. ह्यांनी ब्रश तोंडात ठेवूनच हसून घेतलं. मी चहा टाकला.

काका माझ्या वडिलांचे लहानपणापासूनचे मित्र. दोघे बस डेपोत एकाच दिवशी लागले. काका टायर विभागात, वडील स्टोअरमध्ये. काकांच्या नखांच्या कडा अजून काळ्या आहेत, निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली तरी. काकू असताना म्हणायच्या, ह्यांची नखं उजळायच्या आधी टायर उजळेल.

मी लहान होते तेव्हाचे दिवस चमत्कारिक होते. रस्त्यात पाच माणसं एकत्र उभी राहिली तर सहाव्याला पोलीस समजावं अशी परिस्थिती. डेपोत प्रत्येकाच्या छातीवर बिल्ला असायचा. सरकारकडच्यांचा पितळेचा, युनियनवाल्यांचा पत्र्याचा. पितळवाले एका टोकाला जेवायचे, पत्र्यावाले दुसऱ्या. ज्याच्या छातीवर काहीच नाही त्याच्यावर दोघांचाही संशय.

फक्त रविवारी दुपारी डेपोच्या मागे, भंगार बसेस आणि भिंत यांच्यामधल्या मैदानावर फुटबॉल चालायचा. पंच अर्थातच काका. सुरुवातीला तिथेही तेच. एकाच संघातले लोक, पण पितळवाला पत्र्यावाल्याला पास देईना. समोर मोकळा माणूस उभा, तरी चेंडू मागे. एका रविवारी काकांनी शिट्टी मारून खेळ थांबवला, चहावाल्याकडचा बिस्किटांचा रिकामा डबा आणला, खडूच्या रेषेवर वडिलांच्या हातात दिला आणि सगळ्यांना सांगितलं, "रेषेच्या आत अकरा आणि अकरा. बाकी जे काय असेल ते डब्यात."

वडिलांची छाती कमजोर, पळणं त्यांच्या नशिबात नव्हतं. त्यामुळे डबा त्यांच्याकडे, आणि मी त्यांच्या मांडीशी. पितळेचा बिल्ला पडताना वेगळा वाजायचा, पत्र्याचा वेगळा. पण झाकण लावून डबा हलवला की नुसता एक खुळखुळा. मला तो आवाज फार आवडायचा. रेषेच्या आत मग डेपो मॅनेजरला झाडूवाला बिनदिक्कत म्हणायचा, अरे ढकलतोस काय. आणि मॅनेजर हात वर करून चूक कबूल करायचा. एकदा एक अधिकारी आला, एवढी गर्दी कसली म्हणून विचारायला. काकांनी त्याला रेषेबाहेर उभं केलं, सामना चालू आहे म्हणाले. तो थांबला. थोड्या वेळाने तोच ओरडत होता की पंच आंधळा आहे. काका म्हणायचे, त्या वर्षांत तो माणूस एवढीच गोष्ट मनापासून बोलला असेल.

मग तो चष्म्याचा रविवार आला. सामना लांबला, अंधारून आलं, आणि एक भरकटलेला चेंडू थेट वडिलांच्या तोंडावर. चष्म्याच्या काचा गवतात. वडिलांनी बिल्ले चाचपून चाचपून वाटले आणि हातात आला तो प्रत्येकाने सवयीने छातीला टोचला. बघितलं कुणीच नाही. छातीवर काय आहे ते बघायचं असतं समोरच्यानेच.

सोमवारी युनियनचा सेक्रेटरी पितळ लावून डेपोत फिरला आणि मॅनेजर पत्रा लावून. चहाच्या सुट्टीपर्यंत कुणाच्या लक्षात आलं नाही. मग टायर विभागात कुणीतरी हसलं, आणि ते हसू वर्कशॉपभर गेलं. वडील सांगायचे, भांडण झालं असतं तर वरच्या साहेबांनी मिटवलं असतं, पण हसण्याला त्यांच्याकडे इलाज नव्हता. चौकशी बसली. बिल्ल्यांची थट्टा कुणी केली? वडील पुढे होणार तेवढ्यात काकांनी त्यांचा पाय आपल्या बुटाखाली दाबला. "डबा माझा, शिट्टी माझी, चूक माझी."

काकांना टायर विभागातून काढून भंगार आवाराचा पहारेकरी केलं. निवृत्तीपर्यंत ते तिथेच राहिले. वडील त्यांच्यासमोर मान वर करून बोलेनात, तेव्हा काका म्हणाले, "मला भंगारात टाकलं खरं, पण बघ ना, मैदान तिथूनच सगळ्यात जवळ."

ते दिवस गेले, दोन्ही बिल्लेही गेले. वडिलांनी जाताना डबा माझ्याकडे दिला. तो मागेल तेव्हा दे, म्हणाले. एवढ्या वर्षांत काकांनी मागितला नाही. त्यात माझे कपड्यांचे चिमटे असतात.

चहा बशीत ओतता ओतता काकांनी आता आजचं सांगितलं. डेपोमागचं ते मैदान सपाट झालंय, दिवे लागलेत, नगरसेवकाच्या कृपेने. रविवारी पहिला सामना, आणि शिट्टी काकांचीच, बहुधा शेवटची. नगरसेवकाने दोन्ही संघांना जर्सी वाटल्यात, पाठीवर त्याचा हसरा चेहरा. पक्षाचा बिल्ला लावून मैदानाच्या मध्यावर जाऊन पहिली किक तो मारणार. काका त्याच्या घरी जाऊन नियम सांगून आले. तो हसला. म्हणाला, काका, माझा बिल्ला काढायला लावणारा अजून जन्माला यायचाय. काका म्हणाले, "जन्मला, म्हातारा झाला, आणि तुमच्या समोर बसलाय."

"आणि जर्सीचं काय?" मी विचारलं.

"उलटी घालायची. चेहरा आत. घाम त्याला पुसू दे."

मला हसू आलं. ह्यांना आलं नाही. तो नगरसेवक पाणी खात्याच्या समितीवर आहे, आणि बदल्या त्याच्या सहीने होतात, हे आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक. हे तोंड धुऊन आले. काका डब्यासाठी आणि तो धरायला माणूस शोधत आलेत, हे त्यांनी ओळखलं होतं. हळूच म्हणाले, "काका, डबा न्या की. आमच्या हिला कशाला त्यात?"

काका वाद घालत नाहीत. बरोबर आहे साहेब, म्हणाले. मग खाली बघत सांगितलं की डबा धरायला तिघांना विचारून झालं, तिघांनाही नेमकं रविवारीच काम निघालं. डबा नुसता रेषेवर ठेवून भागत नाही. जमिनीवरचा डबा लाथेने उडतो. कुणाच्या हातात असला, तर समोरच्याला त्या हाताकडे बघून थांबावं लागतं. आणि शिट्टीवाल्याला पळायचं असतं.

मी बाल्कनीतून डबा आणला. झाकणावरच्या जहाजाच्या चित्राचा आता नुसता निळसर डाग झालाय. चिमटे बादलीत ओतले. एक घरंगळत टेबलाखाली गेला. हे बराच वेळ त्याच्याकडे बघत उभे राहिले. मग वाकले, तो उचलला, आणि माझ्याकडे न बघता बादलीत टाकला.

काकांनी रिकामा डबा हातात घेतला, कानाशी नेऊन उगीच हलवून पाहिला, आणि परत माझ्या ओंजळीत ठेवला.

"पोरी, रविवारी दुपारी रेषेवर उभी राहून हा डबा धर," ते म्हणाले. "एवढंच काम आहे."