काठावरची पाच बोटं

रेशनच्या दुकानातल्या मशीनला तानाबाईचा अंगठा कधी पटला नाही. अंगठा ठेवला की मशीन लाल व्हायचं आणि दुकानदार म्हणायचा, "पुसा अन् पुन्हा ठेवा." पदराला पुसून, केसांचं तेल लावून, एकेक करत दहाही बोटं ठेवून झाली की एखाद्या बोटावर मशीन राजी व्हायचं. तीस वर्षं कापूस वेचला आणि त्यानंतर अकरा वर्षं शाळेची भांडी घासली, त्यात बोटांवरच्या रेषा कधीच्या झिजून गेल्या होत्या. दुसरी बाई नशिबाला बोल लावून घरी गेली असती. तानाबाई दुकानदाराला विचारायची, "पण त्याले रेषाच काऊन लागते? माणूस तं समोर उभा हाये न?"

दुकानदार पुढच्या माणसाला हाक मारायचा. तिच्या बहुतेक प्रश्नांना गावात उत्तर नसे. कुकरची शिट्टी आधी थांबून मग का वाजते, एस.टी.च्या आरशात मागची गाडी लहान का दिसते, असं काहीबाही ती विचारत राही. सासूनं तिचं नाव काऊनबाई पाडलं होतं. सासू गेली, नाव राहिलं.

सावरखेडी हे संग्रामपूर तालुक्यातलं, सातपुड्याच्या पायथ्याकडे तोंड करून बसलेलं लहानसं गाव. चौथीपर्यंतची शाळा, दोन खोल्या, त्रेचाळीस पोरं. तानाबाई तिथे पोषण आहार शिजवायची. स्वयंपाकाच्या शेडची खिडकी चौथीच्या खोलीसमोरच होती, त्यामुळे मसालेभाताला फोडणी देतादेता तिची अर्धी शाळा होऊन जाई. लहानपणी ती तिसरीपर्यंत शिकली होती. पुढे धाकट्या भावाला सांभाळायला घरी राहिली ती राहिलीच.

जुलैत शाळेत स्मार्ट पॅनेल आला. दाराच्या फळीएवढी काच, भोवती काळी चौकट, खिळे ठोकून भिंतीवर बसवलेली. धम्मशीला मॅडमनी बोट लावलं आणि त्यात नदी वाहायला लागली, तेव्हा तानाबाईचा वरण ढवळणारा हात थांबला. डोंगरातून निघालेली नदी वळणं घेत समुद्राला मिळेपर्यंत ती तशीच उभी होती.

दुपारी पोरं ताटं धुवायला गेली की ती झाडू घेऊन त्या खोलीत शिरायची. झाडायचं काम तिचं नव्हतं, पण कोणी हटकत नसे. पहिल्या दिवशी तिनं भीतभीत आपलं झिजलेलं बोट काचेला लावलं, आणि काचेवर ठसठशीत टिंब उमटलं. ती चमकली. रेशनच्या मशीनला जे बोट दिसत नव्हतं, मुलाच्या मोबाइललाही जे दोनदोनदा दाबावं लागे, ते याला एका फटक्यात कळलं होतं.

आता हे कसं झालं, हे कळल्याशिवाय तिला चैन पडणार नव्हतं. दुसऱ्या दिवशी तिनं सराट्याचा लाकडी दांडा लावून पाहिला. भाकरी उलथायचा तो लोखंडी सराटा. रेघ उमटली. मोबाइलवर तोच दांडा घासला तर काही नाही. मग तिनं झाडूची काडी लावली, कोपर लावलं, आणि एक दिवस भाजीसाठी आणलेलं वांगं.

वांग्यानं ती गोल काढत होती, तेवढ्यात मॅडम आत आल्या. मागे पोरांचा घोळका.

"मावशी, हे काय चाललंय?"

"काही नाही मॅडम, याले वांगं चालते का पाहून राह्यली होती."

पोरं हसून लोळायची बाकी राहिली. मॅडमनाही हसू आवरेना. "अहो, त्यात सेन्सर असतो," त्या म्हणाल्या.

"सेन्सर म्हणजे?"

"म्हणजे... ओळखणारं असतं काहीतरी."

"पण कसं ओळखते?"

"खरं सांगू? मलाही नीट माहीत नाही."

तानाबाईला त्या बाईबद्दल तेव्हापासून जास्तच आदर वाटू लागला. माहीत नाही असं तिला आजवर कोणी सरळ सांगितलं नव्हतं.

पुढचा शोध माशीनं लावला. एकदा काचेवर माशी फिरत होती आणि तिच्या पाठोपाठ बारीक रेघ उमटत होती. माशीला कसलं वजन, कसला जोर! तानाबाईनं बोट हळूहळू काचेजवळ नेलं. काचेला टेकायच्या केसभर आधीच टिंब उमटलं. तिनं पुन्हा केलं, पुन्हा तसंच. संध्याकाळी घरी जाताना ती छकुलीला म्हणाली, "पोरी, त्याले बोट लागत नाही. त्याले बोट दिसते. कुठूनतरी पाहून राह्यलं ते."

छकुली चौथीतली, शेजारच्या घरातली, तानाबाईची खास मैत्रीण. "मंग डोळे कुठी हायेत त्याचे?" ती म्हणाली.

"तेच तं सापडून नाही राह्यलं."

सप्टेंबर संपेपर्यंत तानाबाई शेवटच्या तासाला उंबऱ्यावर येऊन बसायला लागली होती. पॅनेलवरचे धडे पोरं मोठ्यानं वाचत, ती ओठ हलवत मागून येई. थांबत का होईना, आता तिला वाक्य पुरं वाचता येत होतं. तो तास तिचा होता. दिवसभराची सगळी कामं ती त्या तासाच्या हिशोबानं उरकायची.

मग दसरा आला. सुट्टीच्या आदल्या दिवशी शाळेत पाटीपूजन असतं. पोरांनी पाट्यांवर एक एक आकडा जोडून सरस्वती काढली आणि हट्ट धरला की या मोठ्या पाटीचीही पूजा व्हावी. मॅडम स्वतः पूजा करत नसत, पण पोरांना त्यांनी कधी अडवलं नव्हतं.

"करा," त्या म्हणाल्या, "फक्त काचेला काही लावायचं नाही. काच खराब होईल."

तानाबाईनं मॅडमचा शब्द काटेकोर पाळला. झेंडूचा हार तिनं खिळ्याला अडकवला, काचेपासून लांब. मग तेलात कालवलेलं कुंकू घेतलं. घरच्या चुलीला, पाट्याला, उंबऱ्याला ती दरवर्षी कुंकवाची पाच बोटं ओढायची. इथे तिनं ती खालच्या चौकटीवर ओढली, बाहेरून आत, काच येताच बोट थांबवत. सगळी चौकट सजावी म्हणून दोन बोटांमध्ये एकेक वीत अंतर ठेवलं. काचेला कणभरही लागलं नाही.

सुट्टीनंतर मॅडमनी हार काढला, चौकट समोरून ओल्या फडक्यानं पुसली आणि छकुलीला आडवी रेघ ओढायला सांगितली. छकुलीनं एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत बोट नेलं. रेघ तुटत तुटत गेली. पुन्हा ओढली, पुन्हा तुटली. अक्षरांचे पाय गळू लागले, खालचं बटण दाबलं तर भलतंच उघडू लागलं. मलकापूरच्या मेकॅनिकला फोन केला, तो म्हणाला महिना तरी लागेल, आणि चौकट बदलावी लागली तर काही सांगता येत नाही.

शाळा समितीचे अध्यक्ष हिंमतराव पाहायला आले. मनानं वाईट नव्हते, पण त्यांचा आवाज मोठा.

"शेवटचा हात कोणाचा होता?"

पोरांनी छकुलीकडे पाहिलं.

"काय ठोकलं वं त्याच्यावर?"

"काहीच नाही आबा," छकुली मागे सरत म्हणाली, "रेघच ओढली."

"रेघ ओढून मशीन मरते का?" त्यांनी मॅडमकडे वळून निकाल दिला. "आपल्याच्यानं हे सांभाळणं होत नाही. तालुक्याच्या मोठ्या शाळेवाले मागून राह्यले, ते दुरुस्त करून वापरतील. सोमवारी टेम्पो बोलावतो." त्यांनी खोलीला कुलूप लावलं आणि किल्ली खिशात टाकली. मॅडमनी खूप सांगून पाहिलं. पण चालत नसलेल्या वस्तूसाठी भांडायला त्यांच्याजवळ काही नव्हतं.

तानाबाई शेडच्या खिडकीतून ऐकत होती. छकुलीची तुटकी रेघ तिनं सकाळीच पाहिली होती, आणि सवयीप्रमाणे मोजलीही होती. रेघ पाच ठिकाणी तुटली होती. आता वर्गाच्या बंद खिडकीच्या काचेला नाक लावून ती आत पाहू लागली. पॅनेल चालूच राहिला होता, त्यावर रेघ तशीच होती. तिनं लांबूनच अंदाज घेतला. दोन तुटींमध्ये सारखंच अंतर, वीतभर.

तिचा हात आपोआप पसरला. अंगठ्यापासून करंगळीपर्यंत. कुंकवाच्या दोन बोटांमध्ये तिनं ठेवलेलं अंतर.

त्याचे डोळे काठात होते. तिनं त्यात कुंकू भरलं होतं.

शनिवार गेला, रविवार गेला. पोषण आहाराचं काम दर जूनला समिती ठरवायची. हिंमतरावांनी एवढं जरी म्हटलं की या बाईच्या हातानं लाखाची वस्तू गेली, तर पुढच्या जूनला शेडमध्ये दुसरी कोणी असणार. गुपचूप पुसून टाकावं, तर खोलीला कुलूप. रविवारी दुपारी छकुली ओट्यावर एकटीच बसलेली दिसली. तानाबाईनं विचारलं, "खेळाले नाही गेली?"

"सगळे मले मशीनमारी म्हणतात."

तानाबाई तिच्या शेजारी ओट्यावर टेकली.

सोमवारी साडेदहाला टेम्पो फाटकाशी आला. चुलीवर मटकीची उसळ रटरटत होती. हिंमतरावांनी कुलूप काढलं, सोबतच्या माणसानं पॅनेल गुंडाळायला चादर पसरली. तानाबाई हात पुसत दारात आली.

"भाऊ, थांबा. ते छकुलीनं नाही, म्या बिघडवलं."

"तुम्ही?" हिंमतराव पाहतच राहिले. "वांग्यानं का?"

"कुंकवानं." तिनं चौकटीच्या खालच्या काठाकडे बोट केलं. "काचेले नाही लावलं. मॅडमचं ऐकलं. काठाले लावलं. पण त्याले काठातूनच दिसते."

"तानाबाई, तुम्ही आपली उसळ पाहा. मशीनचं पाहाले मलकापूरचा माणूस हाये."

"मलकापूरच्या माणसाले माहीत नाही, कुंकू कुठी लावलं ते," ती म्हणाली. "मले माहीत हाये. पाच ठिकाणी, वीतवीत अंतरानं. रेघ मोजा. नाही जुळलं तं न्या टेम्पोत, अन् मलेही काढा कामावरून."

मॅडम पुढे आल्या. त्यांनी वाकून काठाची आतली बाजू पाहिली. काळ्या चकचकीत पट्टीवर काळपट लाल थर सुकून बसला होता, समोरून मुळीच न दिसणारा. त्यांना काही आठवलं असावं. एकदा पोरांचे फोटो काढताना मोबाइलमध्ये या काठाशी जांभळट ठिपके दिसले होते, फोटोच खराब आला म्हणून त्यांनी पुसून टाकला होता. पॅनेल सुरू करून त्यांनी मोबाइलचा कॅमेरा काठासमोर धरला.

"मावशी, इकडे या."

मोबाइलच्या पडद्यावर चौकटीच्या काठात बारीक दिव्यांची रांग पेटलेली होती. डोळ्यांनी पाहिलं तर तिथे काळं प्लास्टिक. मोबाइलमध्ये दिवे, आणि मध्ये पाच जागी अंधार.

हिंमतरावांनी चष्मा लावला, काढला, पुन्हा लावला. "हे काय हाये व माय!"

छकुली त्यांच्या कोपराखालून डोकं घालून ओरडली, "मावशी, डोळे सापडले!"

तानाबाईनं पदराचा शेव खोबरेल तेलात बुडवला आणि एकेक डाग नखाच्या टोकानं, दाब न देता पुसला. वरून कोरडं फडकं फिरवलं. दर डागाबरोबर मोबाइलमधला एकेक दिवा परत येत होता आणि पोरं मोजत होती. पाच झाल्यावर मॅडमनी छकुलीला बोलावलं. छकुलीनं तानाबाईचं बोट धरून काचेला टेकवलं.

"तू ओढ."

तानाबाईनं डाव्या कडेपासून रेघ ओढली. पहिल्या जागेवरून गेली, दुसऱ्या, तिसऱ्या. मग थेट उजव्या काठाला टेकली. रेघ अखंड होती.

हिंमतरावांनी टेम्पोवाल्याला हातानंच जा म्हटलं. मग छकुलीच्या डोक्यावर हात ठेवून पुटपुटले, "चुकलं पोरी माझं." तानाबाईला मात्र त्यांनी दम भरला, "पुढच्या दसऱ्याले कुंकू भिंतीले लावा. चौकटीले हात लावसान तं पाहून घेईन."

"पुढच्या दसऱ्याले म्हणजे जूनच्या नंतर न भाऊ?" तिनं विचारलं.

"हाव," ते म्हणाले, "नंतरच."

तेव्हा सगळ्यांना वास आला. उसळ खाली लागली होती. अकरा वर्षांत पहिल्यांदा सावरखेडीच्या पोरांनी करपलेली मटकी खाल्ली, आणि एकानंही तक्रार केली नाही.

शेवटच्या तासाला तानाबाई उंबऱ्यावर येऊन बसली. धडा सुरू व्हायच्या आत तिनं हात वर केला, पोरांसारखाच.

"मॅडम, ते दिवे मोबाइलले दिसतात, मंग आपल्याले काऊन नाही दिसत?"

धम्मशीला मॅडमनी खडू खाली ठेवला. "हे मलाही पाहावं लागेल, मावशी. आत येऊन बसा, आपण मिळूनच शोधू."

तानाबाई उठली, पाय झटकले आणि तास चालू असताना पहिल्यांदाच उंबरा ओलांडून छकुलीच्या शेजारी सतरंजीवर बसली.