पाठीवर सोडलेली पोत

स्पिरिटचा वास आला की वसईतल्या एका रुग्णालयातलं वीसेक वर्षांपूर्वीचं मॅमोग्राफीचं प्रशिक्षण आठवतं. मी बातमीसाठी गेले होते. स्तनात गाठ हाताला लागलेल्या, जवळच्या निर्मळ गावच्या एक आजी गळ्यातली काळ्या मण्यांची पोत काढेनात. "फोटोत येते आजी, काढावीच लागेल," शिकाऊ मुलगी पुन्हा पुन्हा सांगत होती. "नवरा जिता हाय माजा," म्हणत आजी तपासणीविनाच निघाल्या. शिकवणाऱ्या बाईंनी त्यांना थांबवून पोत हळूच पाठीवर सोडली. "आता चालेल?" "चालंल. पन पोरी, आदी हात ऊन कर तुजे," आजी मुलीला म्हणाल्या. तिने हसत तळवे चोळले. आजी यंत्रापाशी उभ्या राहिल्या. बातमीत मी यंत्रावर दहा ओळी लिहिल्या. त्या तळव्यांवर ही पहिलीच.