सांजवातसाठी राखलेलं पान

कूलरच्या घरघरीत झोप कधी येते ते कळत नाही. जेवणं आटोपलीत. पंकज कामावर गेलाय, सून आतल्या खोलीत आहे आणि मी हॉलमधल्या दिवाणावर आडवी झाले आहे. भुसावळच्या उन्हाळ्यात दुपारी दुसरं काही करता येत नाही. वाळ्याचा ओला वास येतोय. मी जागी आहे असं मला वाटतं, कारण भिंतीवरचं कॅलेंडर हलताना दिसतंय. मग घरघरीतून दुसरा आवाज वेगळा होतो. टक्. टक् टक्. एका बोटानं टाईप करण्याचा.

खिडकीपाशी हे बसले आहेत. चष्मा कपाळावर चढवलेला, मांडीवर टॅब.

हे गेलेत, हे मला पक्कं माहीत आहे. दिवाळीच्या तोंडावर गेले, घरातच, चहा पिता पिता. तरी त्यांना बघून पहिल्यांदा मनात येतं ते एवढंच, की बनियन खांद्यावर उसवलंय, टाका घालायला हवा. मी उठत नाही. उठले तर जातील. मी नुसती वाट बघते. इतक्या महिन्यांनी आलेत, आता विचारतील गुडघा कसा आहे, जेवतेस का, झोप लागते का.

हे मान वर करतात.

"सांजवातचं उत्तर आलं का गं?"

मेल्यावरसुद्धा तिचंच.

सांजवात म्हणजे कोण ते सांगते. माझे यजमान लीलाधर भारंबे टेलिफोन खात्यातून निवृत्त झाले आणि फेसबुकवरच्या एका मराठी गटात जाऊन बसले. तिथे दिवसभर वाद चालतात. ग्रहणात जेवावं की नाही, आपल्याकडे पूर्वी विमानं होती की नाही, प्रार्थनेनं आजार बरा होतो का, अमक्या नटाला अभिनय येतो का, हल्लीच्या गाण्यांना चाल असते का. यांची बाजू विज्ञानाची. समोर सांजवात नावानं कुणीतरी लिहायचं, श्रद्धेच्या बाजूनं. नावाशेजारच्या चित्रात नुसतं निरांजन. खरं नाव कुणालाच ठाऊक नाही. मी मात्र पहिल्या दिवसापासून ठरवून टाकलं होतं की ती बाई आहे.

सकाळी दात घासायच्या आधी हे तिचं उत्तर बघायचे. "काय लिहिलंय बघ! साफ चूक!" असं म्हणताना चेहरा असा खुलायचा, की लग्नातल्या फोटोतसुद्धा तसा नाही.

माझ्याशी त्यांनी कधी वाद घातला नाही. भरीत करू का? कर. पडदे निळे घेऊ? घे. माझ्या बहिणी म्हणायच्या, नशीब काढलंस, नवरा एका शब्दानं मोडता घालत नाही. चतुर्थीला हे माझ्यासोबत निमूट साबुदाण्याची खिचडी खायचे आणि संध्याकाळी तिला लिहायचे की उपास ही कशी खुळी समजूत आहे. मला तोंडावर म्हणाले असते तर? मी काय खाल्लं असतं त्यांना?

"आलं का उत्तर?" हे पुन्हा विचारतात.

"तुम्ही गेल्याचं पंकजनं कळवलं तिथे," मी म्हणते. "आता कशाला उत्तर येईल?"

"म्हणजे मुद्दा माझा राहिला." हे खूश होतात. टॅब बाजूला ठेवून उठतात. "चल, पंगत बसलीय."

बाल्कनीचं दार उघडून हे पुढे होतात आणि मी मागे. बाल्कनी नाही. मंगल कार्यालय आहे, लांबच लांब, टोक दिसत नाही. पाटांवर माणसं ओळीनं बसलीत. चेहऱ्याच्या जागी कुणाला गुलाब आहे, कुणाला वाघ, कुणाला मावळता सूर्य, कुणाला गणपती. सगळे एकाच वेळी बोलताहेत, हातवारे करताहेत. जेवत कुणीच नाही. वाढपी पातेलं घेऊन वाकत वाकत फिरतोय.

"पुरावा घ्या, पुरावा! भावना दुखावल्यात कोणाच्या? इकडे पण वाढा!"

हे आपल्या पाटावर ऐटीत बसतात. शेजारचा पाट रिकामा आहे. केळीचं पान धुऊन ठेवलंय, मीठ आणि लिंबाची फोड वाढलीय, भोवती महिरप काढलीय. मी पदर सावरून तिथे टेकणार, तोच यांचा हात आडवा येतो.

"तिथं नको. ते सांजवातचं पान आहे."

"आणि माझं?"

हे खरंच शोधतात. ओळीच्या या टोकाला, त्या टोकाला. मग ओशाळं होऊन म्हणतात, "तू वाढायला असशील असं वाटलं."

रडू येत नाही मला. तेराव्याला आलं नाही तसंच. त्या दिवशी पंकजनं तिचं लिहिलेलं सगळ्यांना वाचून दाखवलं. 'भारंबेसर, माझा हक्काचा विरोधक गेला. आता मी कोणाला चूक ठरवू?' अख्खी खोली डोळे पुसत होती. नणंद माझा हात दाबून म्हणाली, "वहिनी, दादाचं किती जवळचं माणूस होतं गं ते!" मी तिथेच बसले होते, भिंतीला टेकून. माझ्याकडे असं एकही वाक्य नव्हतं. नवरा माझा गेला आणि दुःख कसं करावं ते तिनं करून दाखवलं.

"ती बाई आहे की बुवा?" मी उभ्याउभ्याच विचारते.

"मला काय माहीत?"

"एवढी वर्षं बोललात आणि विचारलं नाहीत?"

"वाद घालायला ते कुठे लागतं?"

"दिसायला कशी असेल, वय काय असेल, काहीच वाटलं नाही कधी?"

"एकदा वाटलं होतं की सर्दीचा त्रास असावा. पावसाळ्यात उत्तरं उशिरा यायची."

बघा. थंडी वाजून आलेला माझा ताप यांना थर्मामीटर लावल्याशिवाय कळला नाही, आणि तिची सर्दी उत्तराच्या उशिरावरून कळली!

"देव आहे का हो तिकडे?" मी विचारते. मला काहीतरी टोचायचं आहे.

"अजून पुरावा मिळालेला नाही."

"मग तुम्ही आत्ता आहात कुठे?"

हे हसतात. "हाच मुद्दा सांजवात काढेल बघ."

माझ्या डोक्यात सणक जाते. मी त्यांचा हात बाजूला सारते आणि त्या राखलेल्या पानासमोर धप्पकन बसते. महिरप मोडते. लिंबाची फोड घरंगळत जाते. हे "अगं, अगं" म्हणतात, पण तोवर दिवे गेलेले असतात. पाट खाली मऊ होतो, मागे पाठ टेकते, आणि आम्ही टॉकीजमध्ये बसलेलो असतो.

लग्नाला वर्षही झालेलं नाही. माझ्या अंगावर आमसुली साडी आहे, गुडघा दुखत नाही. शेजारी हे, केस काळेभोर, पण बनियन तेच उसवलेलं. पडद्यावर सिनेमातली बाई घर सोडून, ट्रंक घेऊन स्टेशनवर पोचलीय. नवरा तिच्यामागे फलाटावर धावतोय. तिला गाठून चारचौघांत भांडतो. तीही भांडते. गाडी निघून जाते तरी दोघं भांडतच राहतात आणि शेवटी ती ट्रंक उचलून परत घरी येते. मी अंधारात रडतेय.

त्या दिवशी टांग्यातून घरी येताना मी यांना विचारलं होतं, "कसा वाटला?" हे म्हणाले, "बरा होता." विषय संपला. मला वाटलं, यांना सिनेमातलं काही कळत नाही. हे गेल्यावर टॅब माझ्या हातात आला आणि मी सगळं मागे मागे वाचत गेले. त्यात हा सिनेमा निघाला. सांजवात म्हणत होती, शेवट योग्यच आहे, संसार श्रद्धेवर चालतो. हे म्हणत होते, शेवट खोटा आहे, अशी बाई परत येत नसते. पानंच्या पानं लिहिलेली. आणि मध्येच एक ओळ: 'शेवटी माझी बायको रडत होती. तिला त्या बाईची दया आली असावी. मी पडद्याकडे नाही, तिच्याकडे बघत होतो.'

माझ्याकडे बघत होते. हे तिला सांगितलं. चाळीस वर्षं मी एका पलंगावर झोपले आणि यांनी ते त्या निरांजनाला जाऊन सांगितलं.

"तुम्ही चूक लिहिलंत," अंधारात मी म्हणते.

"काय?"

"मला दया नव्हती आली."

"मग रडत कशाला होतीस?"

"हेव्यानं."

"हेवा? त्या बाईचा?" हे खुर्चीत वळतात. "घर सुटलेलं, हातात ट्रंक, लोक बघतायत, आणि तिचा हेवा?"

"तिच्यामागे कुणीतरी धावलं. सगळ्यांदेखत तिला म्हणालं, तू चुकतेस. माझ्याशी असं कोण भांडणार होतं?"

"थांब थांब. भांडतो म्हणजे जीव लावतो, असं तू धरून चाललीस. याला पुरावा काय?"

यांनी माझ्याकडे पुरावा मागितला. माझ्याकडे!

"पुरावा तुम्हीच," मी म्हणते. "जिच्याशी भांडलात, सकाळी डोळे उघडल्यावर तिची आठवण काढलीत."

"घरात शांतता हवी म्हणून तुझ्याशी भांडलो नाही."

"कोणाला हवी होती शांतता? मला विचारलंत?"

"तू तरी कुठे बोललीस? मी 'घे' म्हटलं की तू घ्यायचीस. 'निळेच का' असं विचारलं असतंस तर मी काही म्हणालो असतो."

"वा! म्हणजे चूक माझी?"

"अर्धी तुझी."

"पाव!"

"अर्धी!"

पुढच्या रांगेतून कुणीतरी "शूऽऽ" करतं. डोअरकीपर आमच्यावर बॅटरी मारतो. पडद्यावरची दोघंही आता भांडायची थांबून आमच्याकडे बघत उभी आहेत. हे पाय वर घेऊन पूर्ण माझ्याकडे तोंड करून बसलेत. चेहरा खुललाय. तोच, सकाळचा, तिचं उत्तर वाचतानाचा. तो चेहरा इतक्या जवळून मी कधी बघितला नव्हता. मला आनंद व्हायला हवा. पण मनात येतं, हा तिला रोज मिळत होता. तिला तो दिसतसुद्धा नव्हता, तरी मिळत होता.

"आणि शेवटाबद्दल सांजवातच बरोबर होती," मी मुद्दाम म्हणते. "ती बाई परत येणारच."

"अजिबात नाही! इतकं बोलून झाल्यावर कशी येईल परत?"

"बोलून झालं नव्हतं म्हणूनच आली. भांडण अर्धं टाकून कोण जातं का?"

"जातात की माणसं."

"हो," मी म्हणते. "तुम्ही गेलात."

हे तोंड उघडतात. चष्मा काढतात, बनियनला पुसतात, परत लावतात. पडद्यावरची बाई खाली बघते.

"याला माझ्याकडे उत्तर नाही," शेवटी हे म्हणतात. हळू. मग डोळ्यांच्या कडेनं हसतात. "हे सांजवातलासुद्धा सुचलं नसतं."

या घडीलासुद्धा तिचं नाव. लागतं मला. आणि तरी मी माझं नाव तिच्या शेजारी नाही, तिच्या वर लागलेलं ऐकते, आणि लहान मुलीसारखी ताठ बसते.

"अजून पुष्कळ मुद्दे आहेत माझे," मी म्हणते. "उपासाचा आहे. पडद्यांचा आहे. तेराव्याला तुमच्या बहिणीनं काय म्हटलं त्याचा तर..."

"सगळे काढ. पण आधी दे टाळी."

हे हात पुढे करतात. तळवा उघडा, बोटं पसरलेली. आमच्यात असं कधी झालेलं नाही. टाळी हे मित्रांना देतात, भावाला देतात, दारात आलेल्या वायरमनलासुद्धा देतात. मी हात वर नेते आणि होता नव्हता तेवढा जोर लावून मारते. सगळी टॉकीज दुमदुमते.

दिवाणावर मी उठून बसलेली आहे. कूलर चालू आहे. खिडकीपाशी ऊन कलतंय, तिथे कुणी नाही.

सून दाराशी आलीय, पदरानं घाम टिपत.

"आई, काय पडलं? केवढ्यानं आवाज झाला!"

"काही नाही," मी म्हणते. "चहा टाक."

ती जाते. मी उजवा हात उजेडात धरते. तळवा लालबुंद झालाय, बोटांच्या पेरांपर्यंत, आणि मुंग्या आल्यासारखा चुरचुरतोय. दिवाणाची गादी मऊ आहे, भिंत माझ्यापासून लांब आहे. मी हात पाण्याखाली धरत नाही. चहा येतो तेव्हा कप डाव्या हातानं उचलते.