सात जणी उभ्या

शैलजाताई खासनीसांनी वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षापर्यंत कुणाला साधी चापट मारली नव्हती. जपानमधल्या उरायासु गावातल्या त्यांच्या इमारतीत त्यांची ख्याती उलटीच होती. लिफ्टमध्ये शिरताना 'सुमिमासेन', म्हणजे माफ करा, बाहेर पडताना 'सुमिमासेन'. कुणी त्यांच्या पायावर पाय दिला तरी माफी याच मागायच्या. आणि रविवारी सकाळी याच बाई जाळीचं हेल्मेट चढवून, टोकाला लोखंडी पट्टी ठोकलेली काठी घेऊन नदीकाठच्या मैदानावर गोल राखायला उभ्या राहायच्या आणि समोरून येणाऱ्या बाईला आडवी करायच्या.

या खेळाला कामोगी म्हणतात. मूळचा आयर्लंडचा, बायकांचा. हॉकी, क्रिकेट आणि वाटणीवरून पेटलेली भाऊबंदकी एकत्र केली की कामोगी होते. काठी डोक्यावरून फिरवायची, कातडी चेंडू टोलवायचा, मध्ये कुणाचं काही आलं तर ते तिचं नशीब. नीव्ह नावाच्या आयरिश शिक्षिकेने उरायासुत हा क्लब काढला. त्यात पुरुष गेलिक फुटबॉल खेळतात. तो त्या मानाने सौम्य, नुसत्या बरगड्या जातात. क्लबात खेळणारी लेक सलोनी सेंदाईला कॉलेजला गेली, तेव्हा तिचं हेल्मेट परत करायला शैलजाताई मैदानावर गेल्या होत्या. एक खेळाडू कमी होती. "आजचा दिवस उभ्या राहा," नीव्ह म्हणाली. त्या आजच्या दिवसाला आता तीन वर्षं झाली.

यंदा मात्र क्लबचा जीव टांगणीला लागला होता. लीगचा नियम असा, की सामना सात जणींनी सुरू करायचा आणि सात जणींनीच संपवायचा. एकदा कमी पडलात तर इशारा, दुसऱ्यांदा नाव खोडलं. इशारा मे महिन्यातच मिळाला होता. आणि सायतामाच्या संघाशी गाठ पडली त्या रविवारी उरायासुच्या मोजून सात जणी आल्या. राखीव कुणी नाही.

"जिंकायचं नाही," नीव्हने बजावलं. "मरायचं नाही. एवढंच."

सायतामाची मात्सुदा-सान हे ऐकून नसावी. ही बाई हाडांच्या वॉर्डातली नर्स. आठवडाभर हाडं जोडायची आणि रविवारी पुढच्या आठवड्याची सोय करून जायची. पाचव्या मिनिटाला तिची काठी ओगावाच्या नडगीवर बसली. कुणी नारळ फोडावा तसा आवाज झाला. ओगावा बँकेत काउंटरवर बसणारी नाजूक मुलगी. दोन कोलांट्या खाऊन उठली आणि म्हणाली, "दाइजोबु." म्हणजे ठीक आहे. जपानी माणूस मधून चिरला तरी दोन्ही अर्धे 'दाइजोबु' म्हणतील. दहाव्या मिनिटाला नीव्हच्या बरगडीत खांदा घुसला. ती गवतावर पडल्या पडल्या आयरिशमध्ये काहीतरी म्हणाली. प्रार्थना नसावी. मग तिने उठून सायतामाच्या एका बाईला चिखलात असं लोळवलं, की हिशेब बरोबरीत आला.

गोलामागे पांढरा कोट घालून, हातात झेंडे घेऊन उभा असलेला पंच म्हणजे शैलजाताईंचा नवरा हरीश. क्लबात माणसंच कमी, त्याला तो काय करणार! बायकोवर गोल झाला की हिरवा झेंडा वर करायचा. त्या दिवशी त्याचा दंड दुखायला लागला.

उत्तरार्धात मात्सुदाचा एक तडाखा चेंडू चुकवून शैलजाताईंच्या उजव्या हातावर आला. कळ पार डोक्यात गेली. त्यांनी हाताकडे पाहिलं. अनामिका मधूनच वळून बाजूला बघत होती.

"शैला, ते बोट..." मागून आवाज आला.

"कुठलं बोट?"

"निशी-कसाई स्टेशनकडे बघतंय ते!"

"हरीश, तू आत्ता नवरा आहेस की पंच?"

हरीशने प्रामाणिकपणे विचार केला. "पंच."

"मग गोलरेषेकडे बघ."

"अगं, अशी दुखापत दिसली तर रेफरीला सांगायचं असतं. तशी खेळाडू सातांत धरत नाहीत."

"सांग की. सहा जणी उरतील. क्लब बंद. मग पुढच्या रविवारपासून मी घरी. दिवसभर. ही काठी घेऊन."

हरीशने गोलरेषेकडे पाहिलं.

चेष्टा केली खरी, पण क्लब बंद पडणं त्यांना चालणारं नव्हतं. बारा वर्षं त्या जपानात होत्या. ऑफिसात हरीश-सानची मिसेस, शाळेत सलोनीची आई, दारावर चारशे तीन नंबर. या चिखलात मात्र "शैला, मार!" अशी स्वच्छ एकेरी हाक यायची. ती त्यांना सोडायची नव्हती.

शेवटचं मिनिट. मात्सुदा चेंडू काठीवर तोलत सरळ धावून आली. शैलजाताईंनी काठी डाव्या हातात घेतली आणि दोन पावलं पुढे होऊन फिरवली. काठी चेंडूला लागली, चेंडू खांबाला लागला, मात्सुदा शैलजाताईंना लागली. हेल्मेटवर हेल्मेट आदळलं. दोघी चिखलात. रेफरी धावला.

"उठता येईल?"

पलीकडे सहा जणी उभ्या होत्या. एक एका पायावर, एक बरगड्या धरून, एक रक्ताळलेला गुडघा दाबून. सगळ्या त्यांच्याकडे बघत होत्या. शैलजाताईंनी काठी जमिनीत रोवली आणि शिडी चढावी तशा त्या तिच्या आधाराने वर आल्या. एकदा झुकल्या, सावरल्या, उभ्या राहिल्या.

शिट्टी वाजली. उरायासु सव्वीस गुणांनी हरली.

फुटलेल्या ओठांची मात्सुदा-सान लंगडत आली आणि तिने फार मायेने तो हात हातात घेतला. "सांधा निसटलाय. तीन म्हटलं की ओढते. इची, नी..."

आणि तिने दोनलाच ओढलं.

दिवसभर कोंडलेली किंकाळी अशी फुटली की नदीवरचे बगळे उडाले. यादी भरणारा रेफरी गर्रकन वळला. "दुखापत? सामन्यात कोणी जखमी होतं?"

सातही जणींनी गोलामागच्या पंचाकडे पाहिलं.

हरीशने घसा साफ केला. "ओरडली ती," तो म्हणाला, "सामना संपल्यावर."

रेफरीने त्या बोटाकडे पाहिलं, त्या सात जणींकडे पाहिलं आणि यादीत सातचा आकडा लिहिला.